पंचांसमक्ष वाचलेली कादंबरी

'सहज' हा शब्द आमच्या घरमालकांपुढं चालत नसे. कोणी म्हणालं, "सहज आलो होतो," की ते चष्मा कपाळावर चढवून त्या माणसाकडं नीट बघत आणि म्हणत, "सहज कोणी येत नसतं. गायसुद्धा दुसऱ्याच्या दारात सहज जात नाही. बसा, आणि आठवून सांगा काय म्हणून आलात." समोरच्याला खरोखर काही काम नसलं तरी थोड्या वेळानं तो घाबरून एखादं काम शोधून काढी. मग मालकांचं समाधान होई. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

ते निवृत्त फौजदार होते. नोकरी सुटली होती, पण नोकरीनं त्यांना सोडलं नव्हतं. धारवाडात माळमड्डीला त्यांचं घर होतं. तिथं भाड्याची खोली बघायला मी गेलो, तेव्हा त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या वहाणा मागितल्या. एक वहाण उलटी करून उजेडात धरली आणि म्हणाले, "डावी टाच जास्त झिजलीय. ठीक. आता अंधारात आलात तरी पायरव ओळखीन." एवढ्यावर मला खोली मिळाली. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती आणि कोर्टात मला कुत्रं विचारत नव्हतं. कोणीतरी माझ्या टाचेची का होईना दखल घेतली, याचं मला बरंच वाटलं.

त्यांच्या संशयाला लहान-थोर हा भेद नव्हता. शेजारी पेढे घेऊन आले की विचारत, "कशाबद्दल?"

"मुलगा पास झाला की हो."

"मागच्या वर्षी नापास झाला, तेव्हा का नाही आणलेत?"

याला शेजाऱ्यांकडं उत्तर नसे. उत्तर नाही याची खात्री झाली की मालक पेढा तोंडात टाकत. गवळ्याला त्यांनी कधी दूध पातळ का म्हणून विचारलं नाही. एकदा चुकून दूध चांगलं आलं, तेव्हा मात्र त्याला उभं करून विचारलं, "आज घट्ट का?" तो बिचारा एवढा गोंधळला की दुसऱ्या दिवसापासून निमूट पहिल्यासारखं पाणी घालू लागला. आणि कुलूप! बाहेर पडताना कुलूप लावलं की ते दोन्ही हातांनी ओढून बघत. चार पावलं पुढं जात, थबकत, परत येत आणि पुन्हा ओढत. आम्ही भाडेकरू हे बघून हसत असू. पुढं मला त्याचं हसू येईनासं झालं, ते का ते सांगेनच.

एकच जागा अशी होती की जिथं त्यांचा संशय कधी पोचला नाही. ती म्हणजे स्वयंपाकघर. काकूंवर, म्हणजे त्यांच्या पत्नीवर, त्यांचा आंधळा विश्वास होता. विश्वास म्हणण्यापेक्षा, काकू काही करू शकतील असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणाऱ्या. बोलायच्या कमी. पण आतून भांडं आपटलं की ते सहज आपटलेलं नाही, हे मलासुद्धा कळायचं. फौजदारांना कळायचं नाही.

घरात दुसरे भाडेकरू होते ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. आम्ही त्यांना गार्डअण्णा म्हणायचो. विधुर माणूस, कन्नड घरातले, पण मराठी ऐकून ऐकून समजायचं आणि धकवून बोलायचे. उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढला होता. त्यामुळं त्यांना कसलीच घाई नसे.

फौजदारांना एक धाकटा भाऊ होता. तो हुबळीला राहत होता. धारवाडहून हुबळी म्हणजे गाडीत विडा चघळून होईतो येणारं गाव, पण या दोन भावांच्या मध्ये कित्येक वर्षांत कोणी गेलं नव्हतं. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. धाकटा शाळामास्तर. कायदेभंगाच्या चळवळीत त्यानं भाग घेतला, आणि त्याला पकडायला गेले ते थोरले. भर बाजारातून हातात बेड्या घालून सख्ख्या भावाला नेलं, असं लोक सांगत. सांगताना आवाज खाली करत, पण सांगत. धाकट्याला सजा झाली, नोकरी गेली, आणि सुटून आल्यावर तो हुबळीच्या कमरीपेठेत एका खोलीत शिकवण्या घेऊन राहू लागला. थोरल्यांच्या घरात त्याचं नाव निघत नसे. काकू दिवाळीला फराळाचं एक पान जास्त वाढत आणि मग ते आम्हा भाडेकरूंना देत. ते कुणाचं, हे कोणी बोलत नसे.

आणि मग लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं होतं त्या सुमाराला, कोर्टाच्या बार रूममध्ये मी ऐकलं की फौजदारांच्या भावानं तुरुंगात बसून एक जाडजूड कादंबरी लिहिली होती, ती आता छापून आली आहे. "तुमचे घरमालक आहेत म्हणे त्यात," एक वकील डोळे मिचकावत म्हणाले. ही बातमी माझ्या आधी फौजदारांपर्यंत पोचली होती. घरी आलो तर ते ओट्यावर येरझारा घालत होते.

"वकील, एखाद्यानं पुस्तकात माझी बदनामी केली, तर कुठलं कलम लागतं?"

मी अब्रुनुकसानीचं कलम सांगितलं.

"भाऊ असला तरी लागतं?"

"भावाला सूट नाही."

"छान," ते म्हणाले. पण तोंड छान झालं नाही.

पुस्तक आणायला त्यांनी गार्डअण्णांना हुबळीला धाडलं. स्वतः गेले असते तर दुकानदारानं ओळखलं असतं, आणि फौजदार धास्तावून पुस्तक घेऊन गेला अशी बातमी कमरीपेठेत गेली असती. गार्डअण्णांनी पुस्तक पंच्यात गुंडाळून आणलं. त्या संध्याकाळी फौजदारांनी आम्हा दोघांना ओट्यावर बोलावलं. पाटावर पुस्तक ठेवलं होतं, चोरीचा माल सापडावा तसं.

"तुम्ही दोघं पंच," ते म्हणाले. "मी एकट्यानं वाचलं तर उद्या कोर्टात म्हणतील, फौजदारानं नसलेलं वाचलं. तुमच्यासमक्ष वाचणार. पहिल्या पानापासून, ओळीनं. मध्येच उडी मारायची नाही. उडी मारली की तपास बिघडतो. कळलं?"

"हौद्री," गार्डअण्णा म्हणाले.

मीही हो म्हणालो. धारवाडच्या कोर्टात गाजेल असा खटला आपल्या ओट्यावर जन्माला येतोय, असं मला वाटत होतं. फौजदार म्हणून जो कोणी पुस्तकात निघेल तो चांगला नीच निघावा, अशी मी मनात इच्छा करून बसलो.

पण कादंबरीत फौजदार नव्हताच. चोर नव्हता, बेडी नव्हती. एक घर होतं. घरात एक वहिनी आणि तिचा आईवेगळा लहान दीर. दारात चिंच, परसात विहीर. घरचा थोरला, ज्याला तो मुलगा दादा म्हणे, तो दूर कुठंतरी जंगलखात्यात नोकरीला होता आणि तो रजेवर येणार होता. येणार होता म्हणजे काय, येणारच होता. पानामागून पान वहिनी त्याच्यासाठी पापड लाटत होती, मुलगा चिंचेखाली उभा राहून रस्त्याकडं बघत होता, आणि दादाचा पत्ता नव्हता. एक अख्खं प्रकरण विहिरीचा गाळ काढण्यात गेलं. मी इतकं कंटाळवाणं पुस्तक तोवर वाचलं नव्हतं. कोर्टातल्या जमिनीच्या वादांची कागदपत्रं यापेक्षा बरी, त्यात निदान कोणी कोणाला शिव्या तरी देतं.

फौजदार मात्र ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत आणि मध्येच बोट ठेवून थांबत.

"हा पोरगा चिंचेखाली काय करतोय?"

"दादाची वाट बघतोय," मी म्हणायचो.

"काल पण बघत होता. एवढी काय वाट बघायची? आणि मला तो अण्णा म्हणायचा. इथं दादा लिहिलंय. का? नाव बदलायचं कारण काय? गुन्हेगार पहिल्यांदा नाव बदलतो." मग चष्मा सावरून, "आणि हा दादा येत का नाही? मुद्दाम लपवून ठेवलाय. एकदम काढणार. दारू पिऊन येईल बघा. नाहीतर त्या वहिनीला मारील. मला विचारा तुम्ही, मी अशी माणसं पाहिलीयत."

आठवडा झाला तरी दादा येईना. मी एकदा कोर्टाचं काम काढून संध्याकाळी बाहेर राहिलो, तर दुसऱ्या दिवशी फौजदारांनी मला फाटकातच गाठलं. "पंच गैरहजर. वाचन झालं नाही. काय काम होतं?" मी काम सांगितलं. "कुठल्या पक्षकाराचं?" माझ्याकडं पक्षकार नव्हता, हे त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी वाचन संपल्यावर मी गार्डअण्णांपाशी कुरकुरलो की हे पुस्तक पुढंच सरकत नाही. त्यांनी तपकिरीची चिमूट घेतली.

"वकीलसाब, तुम्ही मेलगाडीत बसणारे माणूस. हे मालगाडी आहे. मालगाडी उणकलला थांबते, अमरगोळला थांबते, जिथं कोणी चढत नाही तिथं पण थांबते. तुम्हाला वाटते फुकट थांबली. पण पुढची लाईन मोकळी नसते की हो. म्हणून थांबते. आम्ही मागच्या डब्यात बसून शेत बघायचं." मग हळूच विचारलं, "पण तो दादा यावाग बर्तान री? कधी येतो म्हणून काय वाटते तुम्हाला?"

मला काय वाटायचं होतं? पण त्यानंतर मी शेत बघत बसायला शिकलो, असं म्हणायला हरकत नाही. एकदा केव्हातरी मी कोर्टात बसलो असताना माझ्या ध्यानात आलं की त्या विहिरीला आता पाणी लागलं असेल का, याचा मी विचार करतोय.

फौजदारांना कादंबरीनं केव्हा धरलं, ते त्यांना कळलं नाही. ते आपल्या समजुतीनं तपासच करत होते. सकाळी दात घासता घासता माझ्या खिडकीशी येऊन म्हणत, "त्या घरातले तांदूळ संपले असणार. त्यानं लिहिलं नाही, पण जेवणारी तोंडं बघा, पाहुणे बघा. ती बाई स्वतः जेवत नाही. लपवतोय लेखक." दुसऱ्या दिवशी पुस्तकात खरोखरच वहिनी नुसतं ताक पिऊन निजली. फौजदार वाचता वाचता थांबले. "मी म्हटलं नव्हतं?" असं ते म्हणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्यांनी नुसतं पान उलटलं. आतून काकूंनी भाताचं पातेलं उतरवलं, त्याचा आवाज आला. पुढं पुढं ओट्यासमोरून टांगा गेला की फौजदार मान वर करून बघत, आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा पुस्तकात शिरत.

अशाच एका संध्याकाळी ते बेडीबद्दल बोलले. पुस्तकात मुलाला ताप आला होता आणि तो तापात दादाचे हात आठवत होता. फौजदारांनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

"लोक सांगतात ते खोटं आहे," ते म्हणाले. "बेडी मी घातली नाही. हवालदारानं घातली. मी नसतो गेलो तर दुसरा फौजदार गेला असता, आणि तो दुसरा कसा होता मला माहीत होतं. म्हणून मी स्वतः ते काम मागून घेतलं." थोडा वेळ ते आपल्या हातांकडं बघत राहिले. "बेडी लागल्यावर मी फक्त ओढून बघितली. नीट लागलीय का म्हणून. सवय. त्यानं माझ्याकडं बघितलं. बस्स."

त्या दिवसापासून ते कुलूप ओढू लागले की मी दुसरीकडं बघायचो.

पुढं पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला असेल, तेव्हा एक भानगड झाली. वाचन संपलं की पुस्तक फौजदारांच्या पेटीत कुलपात जात असे आणि किल्ली त्यांच्या जानव्याला असे. एक दिवस पुस्तक उघडल्यावर त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला आणि आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझी आजवरची सगळी पापं आठवली.

"पंच, हे बघा." आम्ही जिथं पोचलो होतो त्याच्या बरंच पुढं, पानांच्या कडेला पिवळी बोटं उमटली होती. "हळद. कोणीतरी पुढचं वाचलंय. आणि एका पानाला जास्त लागलीय. तिथं तो माणूस थांबलाय." त्यांनी पुस्तक मिटलं. "तिथं मी आहे."

"मग तेच पान काढू या की," मी म्हणालो.

"उडी मारायची नाही!" ते गरजले. मला तेव्हाच वाटलं, की त्यांना ते पान बघायचं आहे त्यापेक्षा ते पान येऊ नये असं जास्त वाटतंय.

हळद म्हटल्यावर कोणीही स्वयंपाकघराकडं बघितलं असतं. मी बघितलं. काकू दाराआड तांदूळ निवडत होत्या आणि त्यांची मान जरा जास्तच खाली होती. फौजदार दुपारी जेवून घोरत पडतात आणि जानवं काही कडीकुलपात नसतं, एवढं माझ्या डोक्यात आलं. पण फौजदारांची नजर फिरून फिरून आली ती गार्डअण्णांच्या बोटांवर.

"तुम्ही विधुर. स्वयंपाक स्वतः करता. हळद वापरता."

"सगळी दुनिया वापरतंय की हो!"

"दुनिया रोज 'मुंद एनात्री, पुढं काय झालं' म्हणून विचारत नाही. तुम्ही विचारता. घाई कुणाला आहे? तुम्हाला!"

गार्डअण्णांवर आयुष्यात कोणी घाईचा आरोप केला नव्हता. ते उठले, उपरणं झटकलं आणि, "फौजदारसाब, मी सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलवली नाही कधी," एवढं म्हणून आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या संध्याकाळी ते ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्याही नाही. एक पंच नसताना वाचायचं नाही, हा नियम फौजदारांचाच. ते पुस्तक मांडीवर घेऊन नुसते बसायचे. मला म्हणायचे, "सोडून द्यावं झालं. एवढं काय अडलंय? काही घडत नाही त्यात." आणि पुस्तक मांडीवरून हलवायचे नाहीत.

शेवटी काकूंनी एक वाटी कटाची आमटी देऊन मला गार्डअण्णांकडं पाठवलं. "त्यांना म्हणावं, या की. ह्यांच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका. हळद तुमची नव्हे, हे मला माहिताय." मी काकूंकडं बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही. "आणि वकील," मला म्हणाल्या, "पुस्तक मध्येच सोडू देऊ नका त्यांना. माझ्यासाठी एवढं करा."

गार्डअण्णा आले. फौजदारांनी माफी मागितली नाही, पण आपला लोड त्यांच्या पाठीशी सरकवला. धारवाडात याला माफीच म्हणतात.

हळदीचं पान आलं त्या संध्याकाळी फौजदारांनी चष्मा पुसायला बराच वेळ घेतला. पुस्तकात तार आली होती. घरात वाचता येणारा तो मुलगा एकटाच. वहिनीनं हात पुसत विचारलं, "काय लिहिलंय रे?" मुलगा म्हणाला, "दादाला रजा मिळाली नाही." आणि विहिरीवर जाऊन बसला.

"खोटं बोलला," फौजदार एकदम म्हणाले. "रजा नाही एवढ्यासाठी कोणी तार करत नाही. पोरगा खोटं का बोलला?"

गार्डअण्णांना कळलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. फौजदार पुढं वाचू लागले. दादा जंगलात तापानं गेला होता. मुलाला वाटलं, वहिनीच्या कपाळावर कुंकू आजची एक रात्र तरी राहू दे. तो विहिरीवर बसून दादाला आठवत राहिला. दादा त्याला जत्रेत नेहमी उजव्या खांद्यावर बसवायचा, कारण लहानपणी चिंचेवरून पडून दादाचा डावा खांदा अधू झाला होता. उजव्या खांद्यावरूनच आपण जग पहिल्यांदा पाहिलं, असं त्या मुलाला वाटलं.

फौजदारांचा हात आपोआप डाव्या खांद्याकडं गेला. आम्ही दोघा पंचांनी ते बघितलं. त्यांनाही कळलं की आम्ही बघितलं.

पुढचं पान त्यांनी उलटलं. सकाळ झाली, मुलानं सांगितलं, वहिनीनं कपाळ पुसलं. आणि त्या ओळीवरच हळदीचं एक गोल बोट होतं, आणि हळदीवर कुंकवाचं. स्वयंपाकघरातला मळका अंगठा नव्हता तो. देवीला लावतात तसं, अनामिकेनं, जपून लावलेलं होतं.

फौजदारांनी आयुष्यभर बोटांचे ठसे पाहिले होते. हा मात्र त्यांना वाचता येईना. कितीतरी वेळ ते त्या लाल ठिपक्याकडं बघत होते. मग मला विचारलं, आवाज अगदी बारीक, "वकील, जिवंत माणसाला मेला म्हणून लिहिलं, तर कुठलं कलम लागतं?"

"कुठलंच नाही," मी म्हणालो.

"बदनामी?"

"कुठं आहे बदनामी? रडलाय तो तुमच्यासाठी."

"म्हणजे त्याच्या लेखी मी मेलो."

तेव्हा काकू ओट्यावर आल्या. परपुरुषांसमोर असं मध्ये येऊन उभं राहण्याची त्यांची रीत नव्हती.

"ते कुंकू मी लावलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या जानव्याची किल्ली मी घेतली. दुपारी वाचत होते. हाताला नेहमीची हळद. त्या ओळीशी आले आणि थांबले. घरात माझ्या कुंकवाचा धनी घोरतोय, आणि पुस्तकात मी कपाळ पुसतेय! उठले, देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि त्या ओळीला हळदकुंकू लावलं. काय करणार?"

साऱ्या दुनियेवर संशय घेतला आणि चोरी निघाली ती आपल्याच जानव्याशी. मला वाटलं आता भडका उडेल. ते नुसते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओळीनं वाचत होता ना? उडी मारली की तपास बिघडतो म्हणे." काकूंच्या आवाजात थट्टा होती की काय, मला आजही सांगता येणार नाही. मग त्या खाली बसल्या. "तुमच्या आईच सांगायच्या, डोक्याला कावळा शिवला तर गावाला मेल्याची खोटी बातमी कळवायची. तिकडं आपलं माणूस रडलं की इकडचं अरिष्ट टळतं, आयुष्य वाढतं. भावजींनी तुमचं आयुष्य वाढवलंय. पण मग बातमी खोटी होती, हे जाऊन सांगावं लागतं की नाही? नाहीतर तो तिकडं रडतच बसेल."

पुस्तकाचा निम्मा भाग अजून उरला होता. फौजदारांनी तिथं खूण घातली आणि पुस्तक मिटलं. पण त्या दिवशी ते पेटीत गेलं नाही. पाटावरच राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला तयार व्हायला सांगितलं. कुठं ते सांगितलं नाही, आणि विचारायची गरज नव्हती. त्यांनी जुना खाकी कोट घातला, कारण बरा कोट तेवढा एकच होता. काकूंनी घरच्या डाळीचे लाडू बांधून घेतले. बाहेर पडताना फौजदारांनी दाराला कुलूप लावलं आणि थेट चालू लागले. मी मागून मुद्दाम बघत होतो. ते परत फिरले नाहीत. गाडीत गार्डअण्णा दर स्टेशनला खिडकीतून सिग्नल बघत होते. उणकलला गाडी उगीचच थांबली. "लाईन मोकळी नाही," ते म्हणाले. फौजदार म्हणाले, "होईल."

कमरीपेठेतल्या त्या बोळात टांगा जात नव्हता. काकू जरा मागं राहिल्या. फौजदारांनी दार ठोठावलं, ते हलक्या हातानं ठोठावायला गेले, पण हात सवयीचा होता. दार उघडलं ते एका काटकुळ्या, पांढऱ्या केसांच्या माणसानं. थोरल्याहून म्हातारा दिसत होता. समोर खाकी कोट, मागं दोन अनोळखी माणसं. लढाईचे दिवस, पुन्हा धरपकड चालू. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता जुना कंटाळा होता.

"वॉरंट आहे का तुमच्याकडं?" त्यानं विचारलं.

फौजदारांचा हात सवयीनं कोटाच्या खिशाकडं गेला आणि रिकामाच परत आला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी रडू आलं.

"वॉरंट नाही," ते कसंबसं म्हणाले. "तू लिहिलेली एक बातमी खोटी आहे, एवढं सांगायला आलोय. हे पंच. आणि हा पुरावा."

आणि ते बाजूला झाले. मागं काकू उभ्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, उन्हातून चालत आल्यामुळं जरासं नाकावर उतरलेलं.

धाकट्यानं त्या कुंकवाकडं बघितलं. मग तो उंबऱ्यातच खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून, आणि तुरुंगात जाऊन आलेला तो माणूस लहान मुलासारखा रडला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गार्डअण्णा बोळाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत उभे राहिले.

फौजदारांनी खोकून घसा साफ केला, काखेतलं पुस्तक काढलं, पुन्हा काखेत घातलं. शेवटी, संशयितावर नजर रोखावी तशी भावावर रोखून, ते आपल्याला बोलता येण्यासारखं एकच वाक्य बोलले.

"कादंबरी मात्र फार संथ आहे तुझी. निम्म्यापर्यंत सगळं घर नुसतं दाराकडं बघत बसलंय."

धाकट्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि वर बघितलं.

"मग काय करणार, अण्णा?" तो म्हणाला. "तू येतच नव्हतास."